धक्क्याच्या तीस प्रती

नोएलीन क्रॅडॉक यांच्या गॅरेजमध्ये मोटार कधी शिरलीच नव्हती. आत एक लोखंडी दाबयंत्र होतं, खिडकीखाली दोन जुनी दारं जोडून केलेलं लांब टेबल होतं, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत उथळ खणांची कपाटं होती. त्या खणांमध्ये बाईंनी पंचावन्न वर्षांत छापलेली चित्रं होती. लाकडाची फळी घ्यायची, तिच्यावर चित्र कोरायचं, शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं. सांगायला काम एवढंच. पण एकोणीसशे एकसष्ट सालापासून एक महिनाही बाईंनी ते सोडलं नव्हतं.

बेबीताईंनी पहिल्या दिवशी एक खण ओढला, त्याच्या खालचा ओढला, त्याच्याही खालचा ओढला. समुद्रपक्षी, दोरीवर वाळणारे कपडे, डोंगरातल्या पत्र्याच्या झोपड्या, कोपऱ्यावरची डेअरी, बोटी, वाऱ्याने आडवं झालेलं गवत. मग त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"काय झालं, आई?" संघमित्राने विचारलं.

"काही नाही. आमच्या सोलापूरच्या छापखान्यात सहा माणसं होती. हे सहा माणसांचं काम आहे."

संघमित्राने ते इंग्रजीत सांगितलं. नोएलीनबाई तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. उंच, काटक, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. त्या म्हणाल्या, "तिला सांग, सातवं माणूस स्वयंपाक करायचं. तेही मीच."

दोघींचं तिथेच जमलं.

हे काम निघालं ते भूकंपामुळे. दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात सगळं वेलिंग्टन हललं, तेव्हा जवळच्या ईस्टबर्नमधल्या या गॅरेजमधले निम्मे खण आपोआप बाहेर आले आणि चित्रं जमिनीवर पसरली. बाईंना जपून वाकावं लागत होतं. त्यांनी शहरातल्या एका गॅलरीला फोन करून सांगितलं, आता माझ्याच्याने हे आवरणार नाही. गॅलरीने ठरवलं की नुसतं आवरायचं नाही, बाईंच्या एकूण एक चित्रांची सूची करायची आणि तिचं पुस्तक काढायचं. कुठलं चित्र कुठल्या साली केलं, कुठल्या लाकडावर, प्रती किती काढल्या, त्या आता कुठे आहेत, सगळं. संघमित्रा एका सरकारी खात्यात माहितीचे साठे सांभाळायचं काम करत होती. तिने आठवड्यातला एक दिवस मागून घेतला आणि ही सूची अंगावर घेतली. धूळ झटकायला, कागद उचलून ठेवायला माणूस हवं होतं. गॅलरीचे ग्रॅहम म्हणून गृहस्थ होते, त्यांना ती म्हणाली, "माझी आई आहे. तिने एकतीस वर्षं छापखान्यात कागद हाताळलेत. तिची जबाबदारी माझी."

बेबीताई नवरा गेल्यावर वेलिंग्टनजवळ लोअर हट इथे लेकीकडे आल्या होत्या. घरात दिवसभर कोणी नसायचं. आता सकाळी संघमित्रा ट्रेनने वेलिंग्टनला गेली की त्या डबा घेऊन ईस्टबर्नची बस पकडायच्या. ड्रायव्हर इथल्या माओरी भाषेतला नमस्कार करायचा, "किआ ओरा" म्हणायचा, त्याही "किआ ओरा" म्हणायच्या आणि डाव्या हाताच्या खिडकीला बसायच्या.

सोलापूरला त्या मधुकरशेठच्या छापखान्यात होत्या. कुस्त्यांच्या फडाच्या जाहिराती, जत्रेची पत्रकं, विड्यांच्या कट्ट्यांची लेबलं. मोठी चित्रं लाकडी ठशांवरूनच निघायची. ओले कागद उचलून दोरीवर टाकायचे, वाळले की एकेक पाहायचा, डागाळलेला बाजूला काढायचा, पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या आणि गठ्ठे बांधायचे, हे त्यांचं काम. तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. मधुकरशेठ म्हणायचे, वाचणारा माणूस अक्षर बघतो, रेघ बघत नाही. ठशाचा कोपरा उडाला, पैलवानाच्या मिशीचा एक केस गेला, की ते बेबीताईंना आधी दिसायचं. मोठ्याने सांगायच्या, "शेठ, ठसा थकला." मग यंत्र थांबायचं. अक्षरं त्या शेहेचाळीसाव्या वर्षी विहारातल्या बायकांच्या वर्गात शिकल्या. संघमित्रा तेव्हा सातवीत होती आणि आईचा गृहपाठ तपासायची. इंग्रजीतली मोठी अक्षरं इथे आल्यावर बसच्या पाट्यांसाठी शिकल्या, तीही सुटी सुटी.

त्या नोएलीनबाईंच्या चित्रांची धूळ झटकत आणि मध्येच कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत. एकदा एक लाट बघून त्यांनी बाईंना हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाल्या, "पाणी तुम्ही कोरलं नाही. बाजूचं लाकूड काढलं. पाणी राहिलं."

बाई त्या लाटेवर वाकल्या. "चाळीस वर्षं लोक माझ्याबद्दल वर्तमानपत्रात लिहितात," त्या म्हणाल्या, "आणि एकालाही हे सांगता आलं नाही."

मार्च महिन्यात चारशे अठरा नंबरचं चित्र निघालं. नाव 'धक्का'. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. काळं पाणी, त्यात शिरलेला लाकडी धक्का, दोर बांधायचा खुंट, खुंटाच्या टोकावर एका पायावर उभा समुद्रपक्षी. त्या वर्षी प्रदर्शन ठरलं होतं ते रद्द झालं, म्हणून काढलेल्या तीसच्या तीस प्रती एकाच बासनात राहून गेल्या होत्या. बाकी चित्रांच्या प्रती जगभर विखुरल्या होत्या. अख्खा संच जागच्या जागी आहे असं हे एकच. ग्रॅहमनी पुस्तकात त्याला चार पानं राखून ठेवली होती आणि संच गॅलरी कायमचा घेणार होती.

बाईंच्या इतर चित्रांना खाली पांढरा समास असायचा. त्यात उजवीकडे सही आणि डावीकडे कितींपैकी कितवी प्रत तो आकडा, पेन्सिलीने. बेबीताईंना ते ठाऊक होतं, त्याला त्या बोटही लावत नसत. पण 'धक्का'ची फळी कागदाएवढीच होती. चित्र कडेपर्यंत भिडलेलं, समास नाहीच. म्हणून बाईंनी सही आणि आकडा मागच्या बाजूला केला होता, मऊ पेन्सिलीने, अक्षराला अक्षर जोडलेल्या तिरप्या वळणाने.

त्या बुधवारी बाई डॉक्टरकडे गेल्या होत्या. बेबीताईंनी पहिला कागद उलटा केला, पाठीवर पेन्सिलीची गिचमीड पाहिली आणि त्यांना मधुकरशेठचा छापखाना आठवला. तिथे मुलं मोजदादीच्या खुणा पाठीवरच करायची. त्या पुसल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही हा नियम होता, कारण वरच्या कागदाच्या पाठीची पेन्सिल खालच्या कागदाच्या तोंडाला लागते. इथे तर कागदावर कागद त्रेचाळीस वर्षं पडून होते. त्यांना जरा हळहळच वाटली. गॅलरीने दिलेली खोडरबराच्या भुग्याची पुरचुंडी घेऊन त्यांनी एकेक पाठ गोलगोल हात फिरवून स्वच्छ केली. दोन तास लागले. कागदाचा एक धागा उठला नाही. शेवटी तीस स्वच्छ कागद मध्ये पातळ कागद घालून रचले आणि त्या समाधानाने घरी गेल्या.

शुक्रवारी संघमित्रा फोटो घ्यायला बसली. पहिला कागद पालथा केला, दुसरा केला, पाचवा केला.

"आई, ह्यांच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं?"

"होतं की. गिचमीड होती. काढून टाकली."

"किती कागदांची?"

"सगळ्या. एक सोडला नाही."

संघमित्राने कॅमेरा टेबलावर ठेवला. "तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? एकतीस वर्षं तेच करत आले."

"ती बाईंची सही होती. आकडे होते. पहिली, दुसरी, तिसरी." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आई, मी ग्रॅहमला शब्द दिला होता. माझी जबाबदारी म्हणाले होते. त्या पेन्सिलीवरून तर हा संच पुरा आहे हे ठरतं. आता हे नुसते तीस कागद आहेत."

बेबीताई खुर्चीत बसल्या. पुसलेल्या पाठीकडे बघत राहिल्या. मग उठून पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चल. बाईंना मी सांगते. तू फक्त माझं बोलणं इंग्रजीत कर. मऊ करू नकोस."

नोएलीनबाई स्वयंपाकघरात पाव भाजत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, पाव टोस्टरमधून काढला, त्याला लोणी लावलं आणि खाल्ला नाही.

"तीस वेळा सही करायला मला एक दुपार लागली होती," त्या म्हणाल्या. "तुला पुसायला किती लागली?"

"दोन तास."

"हं. म्हणजे तेही सोपं नाही."

विनोद त्यांनी केला, पण त्या दिवशी त्या गॅरेजमध्ये परत आल्या नाहीत. खिडकीतून दिसत होतं, त्या बागेत उन्हात बसून होत्या आणि हातात काही नव्हतं. एवढ्या दिवसांत बाईंचा हात रिकामा बेबीताईंनी पहिल्यांदाच पाहिला.

सोमवारी ग्रॅहम आले; संघमित्रानेही रजा काढली होती. ग्रॅहम पन्नाशीचे, नीटनेटके, आवाज हळू. त्यांनी खोली अंधारी करून कागदांवर तिरपा बॅटरीचा झोत टाकला. चार कागदांवर सहीच्या पहिल्या अक्षराचा पुसट वळसा दिसला. आकडा एकावरही नाही. ते रागावले नाहीत, त्याने संघमित्राला जास्तच लागलं. ते म्हणाले, पुस्तक मेअखेर छपाईला जायचंय. सही नाही, आकडे नाहीत, क्रम माहीत नाही. अशी नोंद चार पानांची होत नाही, चार ओळींची होते. आणि गॅलरीची समिती असा संच घेईल असं त्यांना वाटत नव्हतं.

"नोएलीन आता पुन्हा सह्या करू शकेल," ते म्हणाले.

"नाही करणार," नोएलीनबाई दारातून म्हणाल्या. "तेव्हाचा हात होता चाळिशीच्या बाईचा. आता हा थरथरतो. आजची सही त्या सालच्या कागदावर केली तर ती खोटी सही होईल, माझीच असली तरी."

तेव्हा बेबीताई संघमित्राला म्हणाल्या, "सही मला परत आणता येत नाही. पण कुठला कागद आधी निघाला आणि कुठला नंतर, ते मी सांगेन. ते पेन्सिलीत नसतं. ते ठशात असतं."

"आई, आता नको."

"सांग त्यांना."

संघमित्राने सांगितलं. ग्रॅहमनी सभ्यपणे मान हलवली, आणि ती मान नाही म्हणणाऱ्या माणसाची होती. पण नोएलीनबाई गॅरेजमध्ये आल्या आणि त्यांनी टेबल रिकामं करायला घेतलं.

त्या कामाला पाच दिवस लागले. बेबीताईंनी तीसही प्रती टेबलावर आणि भिंतीलगतच्या फळ्यांवर मांडल्या. भिंग नको म्हणाल्या. भिंगात एक ठिकाण मोठं होतं आणि बाकीचं चित्र हरवतं. पहिले दोन दिवस त्यांनी एकही कागद हलवला नाही, नुसत्या फिरत राहिल्या. मग खुंटाच्या दोराशी थांबल्या. दोराचे पीळ केसाएवढ्या रेघांनी कोरले होते. सात कागदांवर सगळे पीळ शाबूत होते. बाकीच्यांवर एक तुटला होता, काहींवर दोन, काहींवर चार. त्याप्रमाणे ढीग पडले. पुढे पक्ष्याचा पाय. तो अकरा कागदांवर अखंड होता आणि मग गुडघ्यापाशी तुटला. ढिगांचे लहान ढीग झाले. जेवायला बसल्या तरी नजर टेबलाकडे.

नोएलीनबाई शेजारी स्टूल टाकून बसायच्या. कधी म्हणायच्या, "हा पाय कोरताना मी श्वास धरला होता." बेबीताई म्हणायच्या, "दिसतं." दोघींचं बोलणं एवढंच चालायचं, पण बेबीताईंना वाटायचं, एवढी रेघ एवढ्या टणक लाकडात काढणाऱ्या हाताशेजारी आपण बसलोय हेच खूप झालं.

चौथ्या दिवशी घोटाळा झाला. फळी रिमू नावाच्या इथल्या झाडाची होती आणि तिला खालून एक चीर गेली होती. काळ्या पाण्यात ती पांढऱ्या रेघेसारखी उमटली होती. छापता छापता चीर वाढत जाणार, हे उघड होतं. पण दोराच्या पिळांवरून लावलेल्या क्रमात ती एकोणिसाव्या कागदापर्यंत वाढत गेली होती आणि विसाव्यावर जवळजवळ मिटली होती.

त्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून संघमित्रा होती. ती म्हणाली, "म्हणजे क्रम चुकलाय, आई."

"पीळ तुटला तो परत जुळत नाही. क्रम बरोबर आहे."

"मग चीर कशी मिटली? लाकूड काय आपोआप शिवलं जातं?"

बेबीताई अर्धा तास त्या दोन कागदांपुढे उभ्या राहिल्या. शेवटी वळून नोएलीनबाईंना म्हणाल्या, "बाई, हे एका दिवसात झालं नाही. एकोणीस काढले आणि तुम्ही थांबलात. पाऊस पडला. फळी ओल धरून फुगली. मग पुढचे अकरा."

संघमित्राने भाषांतर केलं. नोएलीनबाईंनी आधी मान हलवली, नाही म्हणून. मग त्यांची मान थांबली.

"फिओनाला गोवर आला होता," त्या सावकाश म्हणाल्या. फिओना त्यांची मुलगी, आता ऑस्ट्रेलियात होती. "शाळेतून फोन आला. मी फळी तशीच शाई लावलेली सोडून पळाले. चार दिवस तिच्या उशाशी होते. दक्षिणेचा वारा होता, पाऊस खिडकीतून आत येत होता. खिडकी ह्याच टेबलावरची." त्यांनी संघमित्राकडे पाहिलं. "मी हे कोणाला सांगितलेलं नाही. मला स्वतःला आठवत नव्हतं. तुझ्या आईला कसं कळलं?"

"तिला कागदावर दिसलं."

ग्रॅहमना मात्र एवढ्याने पटलं नाही. त्यांचंही बरोबर होतं. पुस्तकावर गॅलरीचं नाव जाणार होतं. ते म्हणाले, आठवण ही आठवण झाली, पुरावा नव्हे. मग त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. नोएलीनबाईंच्या दुसऱ्या एका चित्राच्या पंचवीसपैकी वीस प्रती गॅलरीकडे होत्या. बगळ्यासारखा पांढरा पक्षी दलदलीत उभा. त्यांच्या समासावर पेन्सिलीचे आकडे शाबूत होते. ग्रॅहमनी प्रत्येकावर कागदाची पट्टी लावून आकडा झाकला, प्रती पिसल्या आणि गॅरेजमध्ये आणून टेबलावर ठेवल्या.

बेबीताईंनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ग्रॅहमनी एकेक पट्टी काढली. पहिल्या जागी ठेवलेल्या प्रतीवर आकडा होता सतरा. दुसऱ्या जागी चार. तिसऱ्या जागी वीस. पुढे सात, पंधरा, एक. काहीच जुळत नव्हतं. संघमित्रा खिडकीबाहेर बघू लागली. ग्रॅहम पट्ट्यांची नीट घडी करत होते. वाईट बातमी मऊ कशी करावी हे शोधत असणार.

"काय म्हणतायत?" बेबीताईंनी विचारलं.

"एकही बरोबर नाही, आई. चल आता. मी करते पुढचं."

"माझा क्रम बरोबर नाही की त्यांचा आकडा बरोबर नाही?"

"आई, आकडा बाईंनी स्वतः घातलाय."

"घातला असेल. ह्यांना इकडे बोलाव." त्यांनी ग्रॅहमना हातानेच बोलावलं. जिच्यावर तीन आकडा होता ती प्रत आणि जिच्यावर सतरा होता ती प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि करंगळीचं नख पक्ष्याच्या चोचीवर, कागदाला न लावता धरलं. "तीनवर चोचीचं टोक नाही. उडालंय. सतरावर टोक आहे. साहेब, तुटलेलं लाकूड परत उगवतं का तुमच्याकडे?"

ग्रॅहमनी खिशातून भिंग काढलं. वाकले. सतरा पाहिली, तीन पाहिली. मग बेबीताईंनी लावलेल्या रांगेतली प्रत्येक प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि उलट शेवटापासून पहिलीपर्यंत. पहिल्या सहा प्रतींवर चोच पुरी होती. सातवीपासून पुढे एकीवरही नव्हती. त्यांना पाऊण तास लागला.

"नोएलीन," ते सरळ होत म्हणाले, "तू आकडे कसे घालायचीस?"

"वाळले की गठ्ठा घेऊन बसायचे. जो हाती येईल त्याच्यावर एक, पुढच्यावर दोन."

"काढले त्या क्रमाने नाही?"

"दोरीवर पंचवीस कागद फडफडतायत, खाली पोरं भांडतायत. कोण लक्षात ठेवतो क्रम? मला कधी कोणी विचारलंही नाही."

ग्रॅहम स्टुलावर बसले. "अकराशे त्रेसष्ट चित्रं," ते स्वतःशीच म्हणाले. "प्रत्येकाच्या नोंदीत आम्ही आकड्याला क्रम धरलाय." मग त्यांना हसू आलं, आणि हळू आवाजाचा तो माणूस बराच वेळ हसत होता.

पुस्तक मेअखेर गेलं नाही. सप्टेंबरात गेलं. प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढला, की या सूचीतले आकडे प्रतीची ओळख सांगतात, छपाईचा क्रम नव्हे. जिथे क्रम दिला आहे तिथे तो ठशाच्या झिजेवरून लावला आहे. 'धक्का'ची चार पानं राहिली. समितीने संच घेतला, कारण अख्खा संच पहिलीपासून तिसावीपर्यंत ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने लावलेला आहे, असा त्यांच्याकडे दुसरा नव्हता. नोएलीनबाईंनी सही केली नाही. पाठी कोऱ्याच राहिल्या.

छपाईआधी ग्रॅहम त्या चार पानांचा मजकूर घेऊन ईस्टबर्नला आले. संघमित्राने तो आईला वाक्यावाक्याने मराठीत वाचून दाखवला. फळी कुठल्या लाकडाची, कागद कुठला, चीर कुठे सुरू झाली, चार दिवसांचा खंड. क्रम लावण्याचं काम बेबी राजाराम ओव्हाळ यांनी केलं, हेही होतं. बेबीताईंनी ते नाव दोनदा वाचायला लावलं. पुढे ओळ होती: मागील बाजूची पेन्सिलीची मूळ नोंद आता उपलब्ध नाही.

"उपलब्ध नाही म्हणजे?"

"म्हणजे आता नाही आहे. गेली."

"कशी गेली?"

संघमित्राने ग्रॅहमकडे पाहिलं. "आई, ते मुद्दाम तसं लिहिलंय. तुझ्यासाठी."

"ते कळलं मला. पण वाचणाऱ्याला वाटेल, बाईंनी निष्काळजीपणा केला, नाहीतर उंदरांनी खाल्ली. लिही, मार्च दोन हजार सतरामध्ये बेबी ओव्हाळने पुसली. कशाने पुसली तेही लिही."

ग्रॅहमना सांगितल्यावर ते ओशाळले. "मिसेस ओव्हाळ, हे पुस्तक शंभर वर्षं ग्रंथालयांत राहील. त्यात हे असायलाच हवं असं नाही."

"वर तुम्ही लिहिलंय, क्रम बेबी ओव्हाळने लावला. का लावावा लागला ते खाली नको? मग वरचंही काढा."

नोएलीनबाई स्टुलावर बसून नवी फळी कोरत होत्या. हत्यार न थांबवता त्या म्हणाल्या, "ग्रॅहम, ती ऐकणार नाही. घाल."

ग्रॅहमनी लॅपटॉप उघडला, ती ओळ खोडली आणि नवी लिहू लागले. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, पुसायला नेमकं काय वापरलं होतं. बेबीताईंनी शेल्फवरून भुग्याची पुरचुंडी आणून त्यांच्यासमोर ठेवली, आणि ते लिहून होईपर्यंत खुर्चीमागे उभ्या राहून पडद्यावरची मोठी अक्षरं एकेक जुळवत राहिल्या.